चाळिसावी बुडी

८ डिसेंबर, रविवार

पाण्याखाली हसू नये, हे आज प्रेमिलाताईंनी सिद्ध केलं. तरणतलावाच्या तळाशी आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलो होतो. जितूदादा मास्क काढून पुन्हा कसा चढवायचा ते दाखवत होता. मास्क निघाल्याबरोबर त्याचे डोळे असे मिटले आणि गाल असे फुगले की ताईंना राहवलं नाही. हसलं की गालाला घडी पडते आणि घडीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. ताई सरळ वर. काठाला धरून खोकत म्हणाल्या, "एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून हसू दाबलं वं मोनाली. इथं नाही दाबल्या गेलं."

जितूदादा, म्हणजे जितेंद्र, आमच्या स्कूबा क्लबचा मालक, शिक्षक आणि पंप दुरुस्त करणारा. तिन्ही एकच. लोक विचारतात, नागपुरात समुद्र कुठे आहे? म्हणूनच तर क्लब हवा, असं तो सांगतो. रामदासपेठेतल्या तलावात शिकवायचं, हिवाळ्यात मालवणला नेऊन उतरवायचं. मी दीड वर्षापासून त्याची मदतनीस आहे.

लॉगबुकात तारीख, ठिकाण, खोली, वेळ, हवा आणि दृश्यता एवढेच रकाने असतात. बाकीचं कुठे लिहायचं म्हणून ही वही.

मुख्य गोष्ट आधी लिहिते. अंदमानात डायव्हिंग गाइडचा वर्ग आहे. आमच्या क्लबमधून एकच नाव जाणार आणि दादाने माझं ठरवलं आहे. अट अशी की ३१ जानेवारीपर्यंत उघड्या पाण्यातल्या चाळीस बुड्या नोंदलेल्या हव्यात. तरणतलावातल्या धरत नाहीत. माझ्या छत्तीस आहेत. जानेवारीत मालवणला चार होतील. बी.एस्सी.ला गणितात याहून सोपा प्रश्न मला कधी आला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

डाइव्ह कॉम्प्युटर आले, घड्याळासारखे मनगटावर बांधायचे. आठ. वापरलेले आहेत, जुन्या मॉडेलचे आहेत, पण दादा सकाळपासून मनगट पुढे करून हिंडतो आहे.

"हे पाहा," तो म्हणाला, "दर सेकंदाले खोली मोजते. तू अठरा मीटरवर गेली, मग बारावर आली, तर याले समजते. तुझ्या कागदी टेबलाले काय समजते? एकदा अठरा म्हणजे पूर्ण वेळ अठरा."

"म्हणूनच टेबल सुरक्षित," मी म्हटलं.

"म्हणूनच टेबल कंजूस."

आनंदरावकाका नेहमीसारखे कडेच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी आयुष्यभर धरणांच्या दरवाजांवर पाण्याखाली काम केलं. आता क्लबमध्ये टेबल शिकवतात. ते म्हणाले, "अन् सेल संपला त?"

"त बदलायचा, काका!"

काकांनी एक कॉम्प्युटर उलटा करून त्याचं झाकण पाहिलं.

माझी बाजू मी इथे नीट मांडते, कारण बोलताना माझा आवाज चढतो. खोल पाण्यात आपण दाबाखालची हवा घेतो. तिच्यातला नायट्रोजन रक्तात, सांध्यांत विरघळतो. वेळेची मर्यादा पाळली आणि सावकाश वर आलं तर तो निमूट निघून जातो. नाही तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात आणि सांध्यांना कायमचं अधू करू शकतात. किती खोलीवर किती मिनिटं थांबायचं, वर किती विश्रांती घ्यायची आणि पुढच्या बुडीला किती मिनिटं उरली, हे सांगणारे तीन जोडलेले तक्ते म्हणजे टेबल. ते सगळ्यांना सारखं आहे. ज्याला वाचता येतं त्याचं आहे. आपल्या जिवाचा हिशोब आपल्याला करता यायला नको का? तो एका डबीत बंद करून मनगटावर बांधायचा आणि डबी म्हणेल ते ऐकायचं, हे मला पटत नाही. शिकलेल्या माणसाने तरी ऐकू नये.

म्हणून मी टेबल मराठीत केलं आहे, आकडेसुद्धा देवनागरीत. बर्डीच्या बाजारातून दहा प्रती लॅमिनेट करून आणल्या. घरी मोजल्या तर नऊच. एक कुठे पडली कोण जाणे.

कॉम्प्युटरसोबत साठ पानांची पुस्तिका आहे. मी ती कपाटात ठेवून दिली. घड्याळाला कसली पुस्तिका!

२१ डिसेंबर, शनिवार

काकांचा टेबलाचा तास. सहा पाहुणे ओळीने बसले होते, म्हणजे मालवणला येणारे सहा जण. प्रेमिलाताई सगळ्यांत पुढे, पेन्सिलीला टोक करून.

"अडोतीस मिनटं झाली. किती धरान?" काकांनी विचारलं.

"अडोतीस," एक गृहस्थ म्हणाले.

"चुकलं. टेबलात अडोतीस नाही. पुढचा आकडा धरायचा. चाळीस. अन् एक्केचाळीस झाली त?"

"पन्नास!" ताई.

"एका मिनटासाठी पन्नास?" गृहस्थ कुरकुरले. "हे त रिक्षावाल्यासारखं झालं."

काका हसले नाहीत. "मधातलं काही नसते," ते म्हणाले. "जास्तीचंच धरायचं."

तास संपल्यावर मी विचारलं, धरणावर तुम्ही किती खोल जायचे? "साहेब सांगन तितकं," म्हणाले आणि उठले. उठताना ते आधी खुर्चीला धरतात, मग भिंतीला. अकरा वर्षं झाली, काका पाण्यात उतरलेले नाहीत. कमरेचा खुबा धरतो म्हणतात. थंडीत फार.

५ जानेवारी, रविवार

उद्यापासून सामान बांधायचं. दादाने कॉम्प्युटरचे सेल आणायला सांगितले होते, ते बर्डीवर मिळाले.

येताना इतवारीत बाबांच्या दुकानात डबा दिला. बाबा तिथे भांड्यांना पॉलिश करतात. मालक गल्ल्यावरून ओरडले, "काय वं मोनाली, अठरा मीटरवर किती मिनटं?" मी चकित होऊन म्हटलं, साठ. गल्ल्यावरच्या कुठल्याशा चकचकीत कार्डात बघून ते म्हणाले, "बरोबर!" आणि बाबांकडे बघून हसले. बाबा मान खाली घालून परातीला पॉलिश करत राहिले. या माणसाला डायव्हिंगमध्ये इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

बाबा मला अजून बँकेच्या परीक्षेबद्दलच विचारतात. परवाही विचारलं. मी या कामाचं सांगायला लागले की ते ऐकतात, पण काही म्हणत नाहीत. त्यांना माझ्याकडून वेगळी अपेक्षा असणार. घरातली पहिली पदवी, आणि पोरगी पाण्यात. आईचं तर स्पष्टच असतं: "शाळेत पोहायच्या तासाले रडून घरी पळून आली होती तू. आता काय झालं?"

११ जानेवारी, शनिवार, मालवण

सदतीस. अडतीस.

दोन्ही बुड्या सुंदर. पाणी निवळ होतं. प्रेमिलाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात डोकं घातलं आणि अर्धा तास माझा हात सोडला नाही. वर आल्यावर मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "इथं कोपऱ्यात विमान काहून दिसून राहिलं?" दादाने सांगितलं, अंगात नायट्रोजन आहे तोवर विमानात बसू नका, असा त्याचा अर्थ. तेव्हापासून ताई दर तासाला विमान गेलं का ते बघतात. त्यांना ते आवडलं आहे.

मी दोन्ही वेळा पाण्यात न्यायच्या पाटीवर सगळ्यांची खोली आणि वेळ लिहिली. दादा म्हणाला, "कॉम्प्युटर लिहून राहिला नं." मी म्हटलं, मीपण लिहून राहिली.

उद्या दोन. की झालंच.

१२ जानेवारी, रविवार, मालवण

सगळं क्रमाने लिहिते, नाही तर माझ्या बाजूने लिहीन.

सकाळची बुडी बाहेरच्या खडकावर होती. खडकाचा माथा अठरा मीटरवर, पुढे उतार. दादा पुढे, सहा पाहुणे मध्ये, मी शेवटी. प्रेमिलाताईंनी कॉम्प्युटर बांगड्यांच्या वर बांधला होता. बांगड्या काढायला त्या तयार नव्हत्या. पट्टा ढिला झाला आणि कॉम्प्युटर निसटून उतारावरून खाली गेला. मी दादाला खूण केली, त्याने मान डोलावली, मी उतरले. चोवीस मीटरवर वाळूत सापडला. जाऊन येऊन तीन मिनिटं. नंतर पुन्हा सगळ्यांबरोबर अठरावर. शेवटी नांगराचा दोर मोकळा करून मी सर्वांच्या मागून वर आले, वर येताना तीन मिनिटांचा थांबाही घेतला. पाटीवर लिहिलं: सर्वांची खोली अठरा, वेळ अडतीस. माझी खोली चोवीस, वेळ एक्केचाळीस.

मग बोटीवर तासाभराची विश्रांती. दोन कॉम्प्युटरवर सेल कमी असल्याची खूण लुकलुकत होती. दादा म्हणाला होता, संध्याकाळी खोलीवर बदलू. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत कशाला? आणि दोनच कशाला? अर्धवट काम मला आवडत नाही. कोरड्या टॉवेलवर बसून नाण्याने एकेक झाकण उघडलं आणि आठही कॉम्प्युटरचे सेल बदलले. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा बदलते तसे. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे लिहून ठेवते.

दुसऱ्या बुडीची तयारी सुरू झाली. तेवढ्यात प्रेमिलाताई म्हणाल्या, "मोनाली, माझं विमान कुठं गेलं वं?"

मी पाहिलं. विमान नव्हतं. बटण दाबून अठरा मीटरवरची मिनिटं पाहिली: छप्पन्न. काल पहिल्या बुडीच्या आधीही छप्पन्नच होती. दुसरा कॉम्प्युटर पाहिला, तिसरा पाहिला. छप्पन्न, छप्पन्न. सेल निघाल्याबरोबर ते सगळं विसरले होते. त्यांच्या लेखी आमच्यातलं कुणी अजून पाण्यात उतरलंच नव्हतं. सगळ्यांच्या अंगात सकाळचा नायट्रोजन होता, आणि आठही मनगटांवर लिहिलेलं होतं की नाही.

मी लगेच बोलले नाही. तेही लिहिते. चाळिसावी बुडी समोर होती, दादा टाकीचे पट्टे आवळत होता, आणि मी दहाएक श्वास गप्प होते. मग म्हटलं, "दादा, थांब. मी सेल बदलले."

"बरं केलं."

"बरं नाही केलं." आणि सगळं सांगितलं. सहाही पाहुणे ऐकत होते.

दादाने स्वतःच्या कॉम्प्युटरची बटणं दाबली. पुन्हा दाबली. मला वाटलं आता ओरडेल. तो पाहुण्यांकडे वळला आणि म्हणाला, "साठ पानांची पुस्तिका आहे. मी फक्त चित्रं पाहिली." मग माझ्याकडे हात केला. "काढ तुझं टेबल."

फळीवर पाटी ठेवून मी मोठ्याने हिशोब केला. अठरा मीटर, अडतीस म्हणजे चाळीस. विश्रांती एक तास. पुन्हा अठरावर गेलो तर फक्त चोवीस मिनिटं. कॉम्प्युटर छप्पन्न म्हणत होता. प्रेमिलाताई माझ्या मागून बोट फिरवून प्रत्येक आकडा ताडून पाहत होत्या, मनीऑर्डरचा फॉर्म तपासावा तशा. "बरोबर आहे," त्यांनी जाहीर केलं. टेबलाला रिक्षावाला म्हणणारे गृहस्थ म्हणाले, "एवढ्या मशीनी बांधल्या अन् शेवटी पाटीच!" ताई म्हणाल्या, "पाटीवर भरोसा नाही का तुमचा? बसा मग बोटीत." त्यांनी मास्क उचलला. ठरलं असं की खोल खडक सोडायचा, बारा मीटरच्या खडकावर जायचं आणि तीस मिनिटांत वर यायचं.

"आता तुझं," दादा म्हणाला.

"चोवीस मीटर. एक्केचाळीस मिनिटं."

चोवीस मीटरला मर्यादा चाळीसची आहे. एक्केचाळीस म्हणजे पन्नास धरायचे. पन्नासला वर येताना दहा मिनिटांचा थांबा लागतो आणि मी तीनच मिनिटं थांबले होते. टेबलाप्रमाणे आजच्यापुरतं माझं पाणी संपलं होतं.

दादा समुद्राकडे बघत म्हणाला, "चाळीस असन. तुझं घड्याळ थोडं पुढं आहे."

"घड्याळ बरोबर आहे, दादा."

"अगं, चोवीसवर तू तीन मिनटं होती. मी पाहून राहिलो होतो तुले वरून. कॉम्प्युटरले माहीत असतं त त्यानं सोडलं असतं तुले."

"त्याला माहीत होतं. मीच पुसलं."

"चाळिसावी आहे तुझी. माहीत आहे नं?"

"माहीत आहे."

त्याने स्वतःच्या टाकीचा पट्टा पुन्हा आवळला. मग बोटीवरच्या स्थानिक गोताखोराला म्हणाला, "शेवटी तू राहा." मला पाण्याची बाटली दिली, सावलीत बसायला सांगितलं आणि हातपाय दुखले, मुंग्या आल्या तर लगेच सांग म्हणाला. मग सगळे उतरले.

मी बोटीत बसून बुडबुडे मोजत होते. आठ जणांचे आठ झुबके. एक झुबका सारखा इतरांपासून दूर जायचा आणि दुसरा त्याच्यामागे धावायचा. दूर जाणाऱ्या प्रेमिलाताई असणार. ऊन चांगलं होतं. नवल म्हणजे मला वाईट वाटत नव्हतं. संध्याकाळी वाटलं, पण तेव्हा नाही.

अर्ध्या तासाने ताई वर आल्या आणि मास्क काढायच्या आधीच बोलायला लागल्या. त्यांनी अष्टपाद पाहिला होता. दगडाच्या रंगाचा होता, त्यांच्याकडे बघून लाल झाला. "लाजला वं मले पाहून!" दुसरी बुडी पहिलीपेक्षा चांगली झाली असं सगळेच म्हणाले, ते गृहस्थसुद्धा.

एकोणचाळीस.

१३ जानेवारी, सोमवार, रेल्वेत

पुस्तिका आज वाचली. पान बावीस, ठळक अक्षरांत, चौकट करून. दोन बुड्यांच्या मध्ये सेल बदलू नये, बदलल्यास चोवीस तास पाण्यात उतरू नये. घरात माझी ओळख काहीही हाती लागलं की वाचून काढणारी मुलगी अशी आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत आहे. कॉम्प्युटर करतो ते गणित टेबलाचंच आहे. तेच गणित तो दर सेकंदाला नव्याने करतो. मी दोघांचं भांडण लावून बसले होते.

मनात येतं, मी खरंच प्रामाणिक होते की हट्टी? माझ्या अंगात चोवीस मीटरवरची तीनच मिनिटं होती. टेबलाने ती एक्केचाळीस धरली. मला खरं माहीत असून मी टेबलाचं ऐकलं. डबी म्हणेल ते ऐकायचं नाही असं म्हणणारी मी, तक्ता म्हणेल ते ऐकून बोटीत बसले. पण दुसरं काय करणार होते? मला सोडवू शकेल असा एकच साक्षीदार होता आणि त्याची आठवण मी नाण्याने उघडून काढून टाकली होती. उरलेल्या साक्षीदाराला सांगताना एक मिनिट कमी सांगायचं, तर मग पाटी कशाला ठेवायची?

दादाने सकाळी बोटवाल्याला विचारलं, एक जास्तीचा दिवस मिळेल का? वाऱ्यामुळे बोटी चार दिवस बंद. पुन्हा यायला महिनाअखेरपर्यंत सवड नाही.

पाहुणे झोपले आहेत. ताई झोपेत हात हलवत आहेत. पोहत असाव्यात.

१७ जानेवारी, शुक्रवार

आनंदरावकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी पाटी मागितली. ती मी पुसली नव्हती. त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली.

"एका मिनटासाठी वर बसली तू," ते म्हणाले.

"हो."

"जितूनं म्हटलं नाही, चाळीस लिही म्हणून?"

"म्हटलं. माझ्या भल्यासाठीच म्हटलं, काका."

"भल्यासाठीच म्हणतेत." काकांनी पाटी मांडीवर ठेवली. "मी टेबलाले एकदा खोटं सांगतलं होतं, पोरी. साहेबाले दरवाजा सांजच्या आत पाहिजे होता. टेबलानं ऐकून घेतलं. टेबल काही म्हणत नाही."

कोणता दरवाजा, कधी, हे विचारणार होते, पण त्यांनी चहा मागितला. चहा झाल्यावर उठायला गेले तर दोनदा उठता आलं नाही. या वर्षी थंडी फारच आहे. आईकडून त्यांच्यासाठी तेल करून घेतलं पाहिजे, लसूण घालून.

१९ जानेवारी, रविवार

आई मेथी निवडत होती. मी एकोणचाळिसाचं दुःख तिला तिसऱ्यांदा सांगत होते. ती वैतागली.

"पाणी काय समुद्रातच असते का? आपल्या इथल्या दगडाच्या खदानी भरून पडल्या आहेत पाण्यानं. कायले हजार किलोमीटर जीव द्यायले जाते?"

मी उठले. अर्ज काढून वाचला. उघडं पाणी. समुद्र असा शब्द कुठेच नाही.

"मी तसं नाही म्हटलं वं!" आई मागून ओरडत आली, हातात मेथीची जुडी. "खदानीत माणसं बुडतेत! अवो, ऐकून राहिले का तुम्ही? सांगा हिले!"

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "किती खोल लागते विचार आधी."

२२ जानेवारी, बुधवार

अंदमानच्या वर्गाचं उत्तर आलं. खदान चालेल. पाच मीटरपेक्षा खोल हवी, शिक्षक सोबत हवा आणि वरून दोर धरणाऱ्या माणसाची लॉगबुकात नोंद व सही हवी.

काकांना एक बंद खदान माहीत आहे. तिच्या मालकाच्या विहिरीतला पंप त्यांनी कधीकाळी काढून दिला होता. दादाने परवानगी आणली. मी विचारलं, दोर कोण धरणार? काका म्हणाले, "मी काय मेलो का?"

आई माझ्याशी बोलत नाही. रविवारी किती पोळ्या लागतील तेवढं विचारलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन करून निघालो. दादाची जीप, मागे टाक्या, टाक्यांच्या मध्ये आई डबा मांडीवर घेऊन. बाबांचं दुकान बंद होतं. स्वच्छ सदरा घालून तेही आले. मी विचारलं नव्हतं.

खदान शहराबाहेर आहे. सरळ कापलेल्या काळ्या भिंती, खाली हिरवं पाणी. दोर सोडून मोजलं तर अकरा मीटर.

आधी हिशोब. हा आज मी आणि दादाने मिळून केला. टेबल समुद्रासाठी केलेलं आहे. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि टेबल जसंच्या तसं चालत नाही. खोली वाढवून धरावी लागते. आपलं नागपूर तीनशे दहा मीटरवर आहे. इतकी वर्षं राहिले, पण या दहा मीटरचा कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. कॉम्प्युटर हे स्वतःच ओळखतो. त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटा डोंगर उमटला. पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर आहे. दोघांच्या वेळेत बराच फरक आला. आम्ही कमी होती ती धरली आणि त्यातलीही निम्मीच वापरायची ठरवली.

खदानीचा चौकीदार बाबांना विचारत होता, कुणी बुडालं आहे का? बाबा म्हणाले, "नाही गा. माझी पोरगी आहे. बी.एस्सी. आहे गणितात. मोजून चालली ती आत."

मी पट्टे आवळत होते. मान वर केली नाही.

काका काठावरच्या दगडावर बसले, खुबा सांभाळत, आणि दोर माझ्या कमरेला स्वतः बांधला. गाठ दोनदा सोडून बांधली. एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे वर ये. आई म्हणाली, "चार ओढा त लगेच येते का?" काका म्हणाले, "चौथीची पाळी नाही येत, कांताबाई."

आत काही नव्हतं. दोन मीटरनंतर हिरवं, मग तपकिरी, मग काहीच नाही. हात लांब केला की बोटं दिसायची नाहीत. दादा एका हाताच्या अंतरावर होता आणि मला त्याचा फक्त कॉम्प्युटर दिसत होता, चार हिरवे आकडे. पाणी मालवणच्या पाण्यापेक्षा कितीतरी गार. दहा मीटरवर भिंत लागली. तिच्यावर वरून खाली सरळ पन्हळी होत्या, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या. दिसत नव्हत्या, बोटांना लागत होत्या. एकेका पन्हळीत एकेक बोट बसत होतं. मी त्या भिंतीला धरून बसले. दर दोन मिनिटांनी दोराला एक ओढ यायची. मी एक ओढ परत द्यायची. बाकी फक्त माझा श्वास. इतकं बरं मला प्रवाळाजवळही वाटलं नव्हतं.

तीन ओढी आल्यावर सावकाश वर आलो, तीन मिनिटांचा थांबा घेतला आणि पाण्याबाहेर डोकं काढलं. आई काठावर उभी होती, पोळ्यांचा डबा अजून हातात. "काय दिसलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. "मग इतका वेळ कायले?" बाबा म्हणाले, "अवो, तिचं मोजून झालं का ते पाहा आधी."

लॉगबुक उघडलं. चाळिसावी ओळ. तारीख, ठिकाण, खोली मी लिहिली. दृश्यतेच्या रकान्यात एक हात लिहिलं. दादा म्हणाला, "दोन मीटर लिही, एक हात वाईट दिसते." मग स्वतःच म्हणाला, "राहू दे, राहू दे. तुले सांगून काय फायदा!"

दोर धरणाऱ्याची सही उरली होती. काकांनी वही मांडीवर घेतली. वेळेचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला होता, कारण त्यांनी काठावर बसून स्वतःच्या घड्याळावर मोजली होती.

"किती मिनटं?" त्यांनी मलाच विचारलं.

"बावीस."

"पक्के बावीस?"

"तुम्हीच पाहून राहिले होते नं, काका."

"पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "बावीसच."

त्यांनी पेन घेतलं. हात गारठले होते, अक्षर वाकडं येत होतं. आधी आकड्यात बावीस लिहिलं. मग शेजारी, जागा नव्हती तरी समासात जाऊन, अक्षरी लिहिलं. बावीस मिनिटं फक्त. आणि सही केली. रकान्यात अक्षरी लिहायची काही गरज नसते, पण त्यांनी लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.